टमी टकनंतरचा कॉम्प्रेशन पट्टा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टमी टकची, म्हणजे पोटाची जादा त्वचा काढून पोट सपाट करण्याची, शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, पट्टा मात्र सहा ते आठ आठवडे अंगावर राहतो. पेशंट घरी गेल्यावर येणारे बहुतेक फोन त्याच्याचबद्दल असतात: गुंडाळतो, टोचतो, घाम येतो, सैल झाला, घट्ट झाला. त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. ज्या सर्जनने तुमची शस्त्रक्रिया केली त्यांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका, कारण आत किती काम झाले आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

पट्टा नेमका करतो काय?

टमी टकमध्ये खालच्या पोटावर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. त्वचा आणि चरबीचा थर स्नायूंपासून सोडवत वर बरगड्यांपर्यंत उचलतात. बाळंतपणात किंवा वजन वाढल्यामुळे एकमेकांपासून दूर गेलेले पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात. मग जादा त्वचा कापून उरलेली खाली ओढून शिवतात. बेंबी आपल्या जागीच असते, तिला बाहेर यायला नव्या त्वचेत वाट करून देतात.

म्हणजे आत एक मोठी, ओली पोकळी तयार होते. तिचे वरचे आणि खालचे पदर एकमेकांना चिकटायला काही आठवडे लागतात आणि तोवर त्यात पिवळसर पाणी साचू पाहते. पट्टा सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन हे पदर जवळ ठेवतो, सूज आटोक्यात ठेवतो आणि उठताना, खोकताना स्नायूंच्या टाक्यांना आधार देतो. पाणी साचू न देण्याचे मोठे काम ड्रेनच्या (साचलेले पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या आणि सर्जनने आतून घातलेले टाके करतात. पट्ट्याचा हात त्यात मदतीचा आहे, त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

पोटाला आकार पट्टा देत नाही. तो ऑपरेशन टेबलवरच दिलेला असतो.

जितका घट्ट, तितके पोट सपाट होईल ना?

नाही, आणि या एका समजुतीमुळे सर्वांत जास्त नुकसान होते. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने करकचून बांधायची पद्धत आहे. त्यामुळे घरातल्या मोठ्या बायका प्रेमापोटी पट्टा आणखी एक बोट आवळून देतात. बाळंतिणीच्या पोटाची त्वचा जागची हललेली नसते. टमी टकमध्ये ती खालून पूर्ण सोडवलेली असते. स्नायूंमधून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात कापल्या जातात आणि त्वचेला रक्त फक्त वरून आणि बाजूंनी मिळते. सर्वांत कमी रक्त पोचते ते बेंबी आणि टाके यांच्या मधल्या भागाला. पट्टा नेमका तिथेच जास्त दाबला तर त्वचा जांभळी पडते, मग काळी होते, आणि जखम उघडून भरायला महिनोन्‌महिने जातात.

दुसरी गोष्ट पायांची. स्नायू शिवल्यामुळे पोटातला दाब आधीच वाढलेला असतो. त्यावर पट्टा आवळला की जांघेतल्या शिरांमधून रक्त वर चढायला अडथळा होतो आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

दाब बरोबर आहे का, हे असे बघा. पट्टा लावल्यावर त्याच्या वरच्या आणि खालच्या काठाखाली दोन बोटे आडवी, फारसा जोर न लावता सरकली पाहिजेत. छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. पंधरा मिनिटे खुर्चीत बसून बघा. काढल्यावर कापडाच्या विणीचे हलके ठसे दिसले आणि अर्ध्या तासात गेले तर ठीक. खोल चर, न जाणारा लालपणा किंवा फोड दिसला तर पट्टा चुकला आहे.

मला तर काहीच टोचत नाही. मग सगळे बरोबर आहे असे समजायचे का?

असे समजू नका. बेंबीखालची त्वचा शस्त्रक्रियेनंतर बधिर असते आणि तिथली जाणीव परत यायला कित्येक महिने लागतात. काही भाग कायमचा थोडा बधिर राहू शकतो. त्यामुळे दुमडलेले कापड, वेलक्रोची कड, ड्रेनची नळी तिथे तासन्‌तास रुतली तरी कळत नाही. जे बोटांना किंवा त्वचेला कळत नाही ते डोळ्यांनी बघावे लागते.

पहिले तीन आठवडे दिवसातून दोनदा पट्टा सोडून, आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून पूर्ण पोट बघा. रोज एकाच जागी उभे राहून एक फोटो काढून ठेवा. रंगातला बदल आठवणीपेक्षा फोटोत लवकर सापडतो. टाक्यांच्या वरच्या त्वचेवर बोटाने दाबा: ती फिकी पडून साधारण दोन सेकंदांत मूळ रंगावर आली पाहिजे. सावळ्या त्वचेवर हे ओळखायला अवघड जाते, म्हणून वरच्या पोटावर तसेच दाबून तुलना करा.

याच कारणाने पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ दोन्ही ठेवायचे नाहीत. बधिर त्वचेवर भाजलेले फोड येईपर्यंत कळत नाही.

कोणता पट्टा घ्यायचा, आणि माप कसे घ्यायचे?

बहुतेक जणांना दोन टप्प्यांत दोन प्रकार लागतात. पहिले दोन-तीन आठवडे इलॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या असलेला वेलक्रोचा बेल्ट, ज्याला दवाखान्यात बाइंडर म्हणतात. सूज रोज कमी-जास्त होते, ड्रेन असतात, ड्रेसिंग बदलावे लागते, म्हणून या काळात जिथल्या तिथे सैल करता येणारी वस्तूच बरी. त्यानंतर हुक आणि चेन असलेला, बरगड्यांपासून मांडीच्या मध्यापर्यंत येणारा पूर्ण गारमेंट. कमरेच्या बाजूंची लायपोसक्शनही (नळीने चरबी ओढून काढणे) केली असेल तर काही सर्जन सुरुवातीपासूनच पूर्ण गारमेंट देतात आणि आत फोमची शीट घालायला सांगतात.

बाइंडरची रुंदी महत्त्वाची. तो छातीच्या खाली बरगड्यांवरून सुरू होऊन टाक्यांच्या रेषेच्या पुरेसा खाली संपला पाहिजे. काठ टाक्यांवर येत असेल तर ती रुंदी तुमच्यासाठी नाही. बुटक्या बांध्याला ९ इंची बेल्ट पुरतो, उंच माणसाला १२ इंची लागू शकतो.

माप उभे राहून, श्वास न रोखता, टेप न आवळता घ्या: छातीच्या लगेच खाली, बेंबीवर, आणि नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर. तिन्ही आकडे लिहून दुकानात न्या. जीन्सचा किंवा ब्लाउजचा नंबर सांगून पट्टा घेऊ नका. पहिला पट्टा सुजेला जागा ठेवून घ्यायचा, दुसरा तीन आठवड्यांनी नव्याने माप घेऊन. दोन्ही एकाच दिवशी घेतले तर दुसरा हमखास चुकतो.

धंतोली, रामदासपेठ आणि मेडिकल चौकाच्या परिसरातल्या सर्जिकल दुकानांत बाइंडर सहज मिळतात. पूर्ण गारमेंट बऱ्याचदा मागवावा लागतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. सीताबर्डीत किंवा ऑनलाइन मिळणारे स्टीलच्या काड्यांचे वेस्ट ट्रेनर घेऊच नका. त्यांचा दाब सारखा नसतो, काड्या रुततात, आणि कंबर आवळायची हा त्यांचा उद्देशच आपल्याला नको आहे.

दिवसातून किती तास, किती आठवडे?

पहिले दोन ते तीन आठवडे रात्रंदिवस, आंघोळ आणि तपासणीपुरता काढून. पुढे सहा ते आठ आठवड्यांपर्यंत साधारण बारा तास, बहुतेकांना दिवसा घालून रात्री काढणे सोयीचे जाते. तासाभरासाठी काढला तर काही बिघडत नाही. श्वास कोंडतोय, मळमळतेय, त्वचा लाल झालीय, तर लगेच सैल करा आणि मग फोन करा. परवानगीची वाट बघत आवळलेला ठेवू नका.

घालायचा आणि काढायचा कसा?

बाइंडर झोपूनच घाला. पाठीवर, गुडघे वाकवून झोपा. बेल्टची एक बाजू गुंडाळून पाठीखाली सारायची, खांदा आणि कंबर एकदम वळवत कुशीवर व्हायचे, पलीकडून बेल्ट ओढून घ्यायचा. वेलक्रो खालून वर लावत या. आधी वरची पट्टी लावली तर सूज खाली, जांघेकडे ढकलली जाते. आत शिवण नसलेला सुती बनियन हवा, तो पोटावर हाताने ताणून सपाट केलेला. बेल्टखाली एक सुरकुती राहिली तर रात्रभरात तिथे लाल रेघ उठते.

चेनवाल्या गारमेंटमध्ये आधी सगळे हुक लावा, मग चेन वर घ्या. हुकच्या दोन-तीन ओळी असतात, सुरुवात सर्वांत सैल ओळीने करा. सूज उतरेल तसे आतल्या ओळीवर जा. पहिल्याच आठवड्यात शेवटच्या ओळीवर पोचलात तर गारमेंट मोठा आहे.

काढताना चक्कर येते, विशेषतः पहिल्यांदा. दाब एकदम सुटल्यावर रक्त खाली उतरते. म्हणून पलंगाच्या कडेला बसून पाच मिनिटांत हळूहळू सैल करा, आधी थोडे पाणी प्या, जवळ कुणीतरी असू द्या. सर्जनने आंघोळीला परवानगी दिल्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटांत आटपा. बाथरूमची कडी लावू नका. अंग टिपून कोरडे करा, बेंबीतले पाणी कापसाच्या काडीने टिपा, पंख्याखाली दहा मिनिटे बसा आणि मगच पट्टा.

ड्रेनच्या नळ्या पट्ट्याच्या आत ठेवायच्या की बाहेर?

नळी आत, पण सरळ आणि वळण न पडू देता. नळीच्या टोकाचा, पाणी ओढून साठवणारा बल्ब नेहमी बाहेर. नळी पट्ट्याच्या खालच्या काठाखालून काढा आणि बल्ब पिनने गारमेंटच्या बाहेरच्या बाजूला अडकवा. बल्ब पट्ट्याखाली दाबला गेला तर त्यातली ओढ संपते आणि पाणी आतच राहते. दिवसातून दोन-तीनदा रिकामा करा, दाबून हवा काढून मगच बूच लावा, आणि किती मिलिलिटर निघाले ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. दोन नळ्या असतील तर दोन्हींचे वेगळे आकडे लिहा. चोवीस तासांत साधारण २५ ते ३० मिलिलिटरपेक्षा कमी, असे सलग दोन दिवस आले की बहुतेक सर्जन नळी काढतात. रंग लालकडून गुलाबी, मग पिवळसर व्हायला हवा. उलटा प्रवास झाला तर कळवा.

बसले की खालचा काठ गुंडाळून वर येतो. काय करायचे?

बाइंडरचा हा नेहमीचा त्रास. गुंडाळलेला काठ दोरीसारखा होतो आणि टाक्यांच्या वरच रुततो, आणि बधिर भाग नेमका तोच. बसण्याआधी उभ्यानेच काठ खाली ओढून घ्या. मऊ सोफ्यात किंवा खाली मांडी घालून बसू नका, हात असलेल्या उंच खुर्चीत पाठ टेकवून बसा. तरीही गुंडाळत असेल तर बेल्ट बहुधा अरुंद किंवा एक माप लहान आहे. मांडीपर्यंत येणारा गारमेंट वर चढत नाही, सर्जन हो म्हणाले तर तो लवकर सुरू करता येतो.

वरच्या काठाने छातीखाली टोचत असेल तर तिथे मऊ सुती रुमालाची सपाट घडी ठेवा. पट्टा कात्रीने कापू नका, कापलेली इलॅस्टिक उसवत जाते आणि कडा आणखी टोचतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पट्टा सहन कसा होणार?

पारा ४४-४५ वर असताना नायलॉन-लायक्राचा गारमेंट चोवीस तास अंगावर ठेवणे खरेच कठीण आहे, ते उगीच सोपे करून सांगण्यात अर्थ नाही. वैद्यकीयदृष्ट्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करायला हरकत नसते. पण तारीख तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडा, पट्ट्याचे आठवडे थंडीत निघून जातात. लग्नसराईत सडपातळ दिसायचे म्हणून एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून नवतपा पट्ट्यात काढणे, हा सर्वांत त्रासाचा हिशोब.

उन्हाळ्यातच करावी लागली तर पहिले तीन आठवडे कूलर किंवा एसीच्या खोलीतच मुक्काम ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, फक्त त्याचे पाणी रोज बदला आणि तुषार थेट ड्रेसिंगवर येतील असे झोपू नका. दुपारी अकरा ते पाच बाहेर पडणे नको. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. पाणी कमी पडले की रक्त दाट होते आणि पायात गाठ होण्याची भीती वाढते. बनियन दिवसातून दोन-तीनदा बदला. गारमेंट एक वेळ तोच चालेल, घामाने ओला बनियन मात्र अंगावर ठेवू नका.

पावसाळा याहून वाईट. जुलै ते सप्टेंबरमध्ये हवेत आधीच दमटपणा असतो, कूलर त्यात भर घालतो, आणि पट्ट्याखाली घामोळ्या आणि गजकर्ण दोन्ही फोफावतात. या महिन्यांत पंखा किंवा एसीच. गोलाकार, कडेने लाल, खाजणारे चट्टे दिसले तर सर्जनला दाखवा. मेडिकलमधून मिळणारी मिश्र स्टेरॉइड मलमे स्वतःच्या मनाने लावू नका, त्यांनी खाज दबते आणि गजकर्ण पसरते. टाक्यांच्या जवळपास टाल्कम पावडरही नको.

धुवायचा कसा?

दोन नग हवेतच, एक अंगावर, एक दोरीवर. थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य लिक्विड डिटर्जंट टाकून हाताने धुवा, वेलक्रो आधी बंद करून, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सावलीत वाळवा. मे महिन्यात सावलीतही लवकर वाळतो, कडक ऊन मात्र काही दिवसांत इलॅस्टिक मारून टाकते. खोबरेल तेल, व्हॅसलिन, फॅब्रिक सॉफ्टनर, ब्लीच यांनीही इलॅस्टिक ढिली पडते.

संडासला जाताना अडचण होते. देशी संडास चालेल का?

पहिले सहा आठवडे उकिडवे बसणे टाळा. त्यात पोट दुमडते, पट्टा रुततो आणि उठताना सगळा जोर शिवलेल्या स्नायूंवर येतो. घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, शस्त्रक्रियेच्या आधीच आणून ठेवा. पूर्ण गारमेंट घेताना खालून उघडा असलेला घ्या, दर वेळी चेन काढावी लागत नाही. जेट स्प्रेने कडा ओल्या होतात, तेवढ्या टिपून घ्या.

कुंथणे अजिबात नको. वेदनाशामक आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या आणि डॉक्टरांनी दिलेले पोट साफ करणारे सौम्य औषध किंवा इसबगोल चालू ठेवा.

साडी, सलवार कधीपासून?

परकराची नाडी आणि सलवारचा नाडा बऱ्याचदा टाक्यांच्या रेषेवर किंवा बेंबीवर येतो. पट्ट्यावरून बांधला तरी तो एका बारीक रेषेत दाब देतो. पहिले सहा आठवडे मॅक्सी, गाऊन किंवा सैल कुर्ता आणि रुंद इलॅस्टिकची पँट घाला. नंतर साडी नेसायची झाली तर नाडीऐवजी रुंद पट्टीचा इलॅस्टिक परकर बरा. कमरेतला करदोडा किंवा साखळी शस्त्रक्रियेच्या आधीच काढून ठेवा.

जेवल्यावर पट्टा घट्ट होतो, आंबट ढेकर येतात.

पोटाला फुगायला जागाच कमी राहिली आहे, बाहेरून पट्टा, आतून शिवलेले स्नायू. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी करा. जेवण झाल्यावर दीड-दोन तास आडवे होऊ नका, आणि जेवताना बेल्ट एक बोटभर सैल केला तरी चालतो. तर्री पोह्यातला हरभरा गॅस करतो, सावजीचे तेल-तिखट जळजळ वाढवते. लोणचे, पापड, शेव यांतल्या मिठाने सूज चढते. महिनाभर एवढे सांभाळा. प्रथिने मात्र कमी करू नका: वरण, अंडी, पनीर, दही, साधे चिकन, जखम भरायला हेच लागते.

मी सिगारेट ओढत नाही, खर्रा तेवढा खातो. त्याने काय होते?

तेच होते. निकोटिन सिगारेटमधून येवो की खर्ऱ्यातून, ते बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि बेंबीखालच्या त्वचेला आधीच रक्त कमी आहे. वरून पट्ट्याचा दाब. त्वचा काळी पडण्याचे हे अगदी ठरलेले समीकरण आहे. खर्रा, गुटखा, मिसरी, विडी, सगळे शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनचे च्युइंगमही त्यातच मोडते. सर्जनपासून हे लपवू नका, विशेषतः मिसरी लावणाऱ्या बायकांनी. विचारल्यावर 'व्यसन नाही' असेच सांगितले जाते, कारण मिसरी कुणी व्यसनात मोजत नाही.

झोपायचे कसे?

पाठीवर, डोके-पाठ ३० ते ४५ अंश उचललेली, गुडघ्यांखाली दोन उशा. भिंतीला टेकवून गादी दुमडली किंवा आरामखुर्ची घेतली तरी जमते. उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला, शिंक किंवा हसू आले तर उशी पोटावर घट्ट धरा. पहिला आठवडा-दहा दिवस थोडे वाकूनच चालायचे, ताठ व्हायची घाई केली तर टाक्यांवर ओढ येते. कुशीवर झोपणे दोन-तीन आठवड्यांनी, पालथे झोपणे दोन महिन्यांनंतर.

ड्रेन काढल्यावर पोटात पाणी हलल्यासारखे वाटते. पट्टा आणखी आवळू का?

आवळू नका. हा बहुधा सेरोमा, म्हणजे पदरांमध्ये साचलेले पिवळे पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो. एका बाजूने बोटांनी टकटक केले तर दुसऱ्या बाजूला लाट जाणवते. थोडा असेल तर आपोआप जिरतो. जास्त असेल तर ओपीडीत सुईने काढतात, भाग बधिर असल्याने फारसे दुखत नाही. काहींना आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा काढावे लागते. तसेच सोडले तर भोवती आवरण तयार होऊन तो कायमचा बसतो, म्हणून दाखवायला उशीर नको.

सूज जांघेत आणि खाली उतरली आहे. हे बरोबर आहे का?

हो, पाणी उताराकडेच जाते. जननेंद्रियाचा वरचा भाग सुजतो, पुरुषांच्या अंडकोशालाही सूज येते, बघून घाबरायला होते पण काही दिवसांत उतरते. पट्ट्याचा खालचा काठ या उंचवट्याला झाकणारा असेल तर कमी येते. संध्याकाळी सूज सकाळपेक्षा जास्त असतेच. मोठा भाग तीन महिन्यांत जातो, पूर्ण निवळायला सहा महिने ते वर्ष.

कोणत्या लक्षणांसाठी मध्यरात्रीही थांबायचे नाही?

धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे: १०८ ला फोन करून थेट इमर्जन्सी असलेले मोठे हॉस्पिटल गाठा, त्यात पट्टा सैल-घट्ट करत बसू नका. एकाच पायाची पिंढरी सुजली, दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी तपासणी. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटाची एक बाजू झपाट्याने फुगली, ताणून दुखू लागली किंवा बल्ब लाल रक्ताने भरून येऊ लागला, तर आत रक्तस्राव असू शकतो, लगेच सर्जनला फोन करून हॉस्पिटल गाठा. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, जांभळी-काळी होत जाणारी त्वचा, यांपैकी काहीही असेल तर सर्जनला रात्रीच कळवा, सकाळची ओपीडी उजाडायची वाट बघू नका.

पट्टा पायातल्या गाठींपासून वाचवत नाही. त्यासाठी दाब देणारे पायमोजे वेगळे, डॉक्टरांनी दिली असतील तर इंजेक्शने वेगळी, आणि पहिल्याच दिवसापासून घरातल्या घरात दर एक-दोन तासांनी चालणे.

आम्ही अमरावतीचे, चंद्रपूरचे. घरी परत कधी जायचे?

ड्रेन असेपर्यंत शक्यतो नागपुरातच, नातेवाइकांकडे थांबा. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास कारने करताना सीट मागे झुकवा, दर तासाला थांबून पाच मिनिटे चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहा. सीट बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवरून, खाली घ्या, आणि मध्ये टॉवेलची घडी ठेवा. निघण्यापूर्वी बाइंडर नेहमीपेक्षा किंचित सैल करा, बसून पोट दुमडले की तो आपोआप आवळतो. एसटी आणि ऑटोचे गचके पहिल्या महिन्यात नकोत.

पट्टा लावून घरकाम, गाडी, जिम?

पट्टा लावला म्हणून वजन उचलायची मुभा मिळत नाही. सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नाही. भरलेली बादली, गॅस सिलिंडर, पिठाचा डबा, आणि लहान मूल, सगळे यात आले. मुलाला उचलू नका, खुर्चीत बसा आणि त्याला बाजूला चढू द्या. कणीक मळणे, फरशी पुसणे दुसऱ्या कुणाकडे द्या. टेबलावरचे काम दोन-तीन आठवड्यांत जमते. कार तीन आठवड्यांनंतर, झोप आणणारी वेदनाशामके बंद झाल्यावर आणि ब्रेक जोरात दाबता येत असेल तरच. दुचाकी त्याहून उशिरा. पोटाचे व्यायाम सर्जनने तपासल्याशिवाय नाहीत.

व्रण मऊ, सपाट व्हावा म्हणून लावायचे सिलिकॉनचे जेल किंवा शीट पट्ट्याखाली चालते का?

चालते. खपल्या पडून जखम पूर्ण मिटल्यावरच सुरू करायचे. जेल लावले तर पूर्ण वाळू द्या, शीट लावली तर रोज काढून धुवा. उन्हाळ्यात शीटखाली घाम साचून पुरळ येत असेल तर जेलच बरे.

आठ आठवडे झाले, पण काढला की पोट सुटल्यासारखे वाटते.

अंगाला सवय झालेली असते. एकदम बंद न करता दोन-तीन आठवड्यांत कमी करा: आधी घरात काढा, मग फक्त लांबच्या प्रवासाला किंवा जास्त उभे राहायचे असेल तेव्हा घाला. खूप दिवस घालून ठेवल्याने पोट जास्त सपाट होत नाही, उलट पोटाचे स्नायू आळसावतात. काढल्यावर एका ठिकाणी फुगवटा दिसत असेल आणि खोकताना तो वाढत असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, तपासून घ्या.

वापरलेला पट्टा बहिणीला, मैत्रिणीला देता येईल का?

देऊ नका. दोन महिन्यांत इलॅस्टिक तुमच्या अंगाप्रमाणे ताणलेली असते, सारखा दाब देत नाही. शिवाय आधीच्या जखमेचे पाणी आणि घाम त्यात मुरलेला असतो. बाकीच्या खर्चापुढे नवा बाइंडर स्वस्त आहे, तिच्या मापाचा नवाच घ्या.